ऊन आपले, हिशेबही आपलाच हवा

वैशाख लागला की वऱ्हाडातील घराघरांच्या गच्चीवर वाळवणे पडतात. कुरडया, पापड, मुगवड्या, वर्षभराची हळद आणि तिखट यांना जे ऊन लागते, त्याचे देयक कोणी पाठवत नाही. वऱ्हाडी गृहिणीने उन्हाला कधी शत्रू मानले नाही. उन्हाची वेळ पाहून तिने आपली कामे लावून घेतली आणि चार दिवसांच्या उन्हातून बारा महिन्यांची बेगमी केली. आज त्याच गच्चीवर सौर पॅनेल चढू लागली आहेत. अमरावती आणि अकोल्याच्या नव्या वस्त्यांतून फेरफटका मारला, तर ती आता नवलाईची राहिलेली नाहीत हे कोणाच्याही ध्यानात येईल. ही निश्चितच आनंदाची गोष्ट आहे. मात्र वाळवण घालणाऱ्या त्या माउलीपाशी जो हिशेब होता, तो पॅनेल बसविणाऱ्या आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गापाशी आहे काय, हा प्रश्न या निमित्ताने विचारणे अगत्याचे वाटते.

वऱ्हाडातील उन्हाचे वर्णन वऱ्हाडकरांना नव्याने ऐकविण्याची आवश्यकता नाही. २५ मे २०२४ रोजी अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी कलम १४४ लागू करावे लागले. जमावबंदीचे कलम दंगलीसाठी नव्हे, तर सूर्यासाठी वापरावे लागले, यातच सर्व काही आले. ज्या उन्हामुळे विजेची मागणी शिगेला पोहोचते, तेच ऊन वीजही देऊ शकते, हा विचार म्हणूनच या भूमीला इतर कोणत्याही प्रांतापेक्षा अधिक लागू पडतो. त्यातच केंद्र सरकारने १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना' सुरू केली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मान्य केली. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये, म्हणजे कमाल ७८ हजार रुपये अनुदान, असे त्याचे स्वरूप आहे. विदर्भाने या योजनेचे उत्साहाने स्वागत केले असून नागपूर जिल्हा त्यात राज्यात आघाडीवर राहिला आहे.

उत्साह आला की त्यामागोमाग विक्रेतेही येतात. 'बिल शून्य करा', 'गच्ची रिकामी ठेवू नका', 'अनुदान मिळते आहे तर तीन किलोवॅटच घ्या' अशी आमंत्रणे घरोघरी पोहोचत आहेत. सेवानिवृत्त शिक्षक आपल्या ठेवीतून, तर नोकरदार कुटुंब कर्ज काढून हा संच बसविते. आयुष्यभराच्या काटकसरीतून उभा राहिलेला हा पैसा आहे. तो अर्धवट माहितीवर खर्ची पडला आणि अपेक्षाभंग झाला, तर नुकसान त्या एका घराचे होऊन थांबत नाही. शेजारची दहा घरे सौरऊर्जेकडे पाठ फिरवितात. म्हणून या विषयातील काही गोष्टी आधीच स्पष्टपणे समजून घेतलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट अशी की, अनुदानातून घरोघरी बसणारा संच सामान्यतः बॅटरीविना असतो. पॅनेलमधून निघालेली वीज इन्व्हर्टरमार्फत थेट घरातील वायरिंगमध्ये येते. घरात त्या क्षणी जेवढी गरज असेल तेवढी तिथेच खर्च होते, उरलेली नेट मीटरमधून महावितरणच्या वाहिनीवर जाते आणि कमी पडली तर त्याच वाहिनीवरून येते. ही व्यवस्था सुटसुटीत आहे. परंतु तिचा एक परिणाम विक्रेता क्वचितच सांगतो. बाहेरचा पुरवठा खंडित झाला की भर दुपारी, लखलखीत उन्हातही हा संच बंद पडतो. हा संचातील दोष नसून बुद्ध्या केलेली योजना आहे. बाहेर वाहिनी बंद करून खांबावर चढलेल्या जनमित्राला आपल्या गच्चीवरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी इन्व्हर्टरला बाहेरची वीज जाणवेनाशी झाली की तो स्वतःहून थांबतो. 'पॅनेल असूनही पंखा बंद' अशी तक्रार करण्यापूर्वी त्या खांबावरील माणसाचा विचार मनात यावयास हवा.

मग बॅटरी का घेऊ नये? ज्या पिढीने २००० ते २०१० या दशकातील भारनियमन सोसले, तिच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. पारसचे औष्णिक केंद्र अकोला जिल्ह्यातच, तरीही कंदील आणि मेणबत्त्या आमच्याच नशिबी, ही त्या काळातील विदर्भाची व्यथा होती. त्या दिवसांत घरोघरी इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या आल्या. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालण्याची कसरत पुष्कळांना आठवत असेल. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी उष्णतेला भिते. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वऱ्हाडात ती काही वर्षांतच बदलावी लागते. लिथियमची बॅटरी अधिक टिकते, पण तिच्या किमतीने सगळे गणितच बदलते. तेव्हा पुरवठा खंडित झाल्यावर दोन दिवे आणि दोन पंखे चालावेत एवढ्यापुरता जुना छोटा इन्व्हर्टर असेल, तर तो वेगळा राहू द्यावा. सौर संचाच्या माथी मात्र बॅटरीचा बोजा मारू नये, हेच बहुतांश शहरी घरांसाठी व्यवहार्य आहे.

येथेच मूळ मुद्दा येतो. बॅटरी नाही म्हणजे साठवण नाही, आणि साठवण नाही म्हणजे सूर्य असताना काम उरकणे आले. सूर्याच्या वेळी वीज वापरणारे घर आणि सूर्य मावळल्यावर वापरणारे घर यांच्या गच्चीवर एकसारखीच पॅनेल असली, तरी दोघांचा लाभ एकसारखा नसतो. नेट मीटरमुळे आज हा फरक बऱ्याच अंशी झाकला जातो, कारण दुपारी दिलेल्या युनिटच्या बदल्यात रात्रीचे युनिट वजा होते. पण ही सवलत नियमाने दिलेली आहे, आणि नियम बदलू शकतात. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे आहे; कोणत्याही दरपत्रकाचे तेवढे नसते. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळे दर आकारण्याची दिशा आखून दिली. सौर तासांतील वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या मागणीच्या तासांतील वीज महाग, हे त्यामागील तत्त्व आहे. ते अयोग्य म्हणता येणार नाही. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. दुपारी विजेची रेलचेल आणि दिवेलागणीला ओढाताण, असे चित्र त्यातून तयार होणारच. अशा वेळी जे युनिट घरातच तयार होऊन घरातच खर्ची पडते, तेवढेच पूर्णपणे आपले असते. त्याचे मोल कोणताही आदेश कमी करू शकत नाही.

तेव्हा संच किती मोठा घ्यावा, याचे उत्तर गच्चीच्या क्षेत्रफळात शोधू नये, अनुदानाच्या कमाल रकमेत तर मुळीच शोधू नये. ते आपल्याच घरच्या मीटरमध्ये आहे. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. महावितरणच्या देयकावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करावी. मग एक आठवडाभर सकाळी नऊ वाजता आणि सायंकाळी पाच वाजता मीटरचा आकडा वहीत टिपावा. दोन्हींतील फरक म्हणजे आपला दिवसाचा वापर. हे काम घरातील आठवी-नववीतील मुलावर सोपवावे. गणिताच्या पुस्तकात नसलेला धडा तो आपोआप शिकेल.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाचा एप्रिल ते जून या कूलरच्या तीन महिन्यांत दरमहा ३०० युनिट आणि उरलेल्या नऊ महिन्यांत सरासरी १६५ युनिट वापर आहे. वर्षाची बेरीज सुमारे २,४०० युनिट झाली. आपल्या भागात एक किलोवॅटचा संच वर्षाकाठी साधारण १,४०० युनिट देतो; दिवसाला सरासरी चार, उन्हाळ्यात त्याहून थोडे अधिक आणि श्रावणातल्या झडीत दोन-तीन. म्हणजे दोन किलोवॅटमध्ये या घराची वर्षाची गरज भागून वर थोडी वीज उरते. तीन किलोवॅट घेतले तर वर्षाला सुमारे १,८०० युनिट शिल्लक पडतील. त्या शिलकीचे काय होते? राज्य विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार उरलेली युनिटे पुढील महिन्यांत वळती होतात, पण आर्थिक वर्ष संपताच, म्हणजे ३१ मार्चला, त्यांचा हिशेब मिटविला जातो आणि घरगुती दरापेक्षा बऱ्याच कमी दराने त्यांचे मोल दिले जाते. आता वऱ्हाडचे पंचांग पाहा. दिवाळीपासून होळीपर्यंत पंखेही बंद असतात आणि ऊन स्वच्छ असते. शिल्लक साठते ती याच काळात. कूलर निघतो एप्रिलमध्ये. म्हणजे गरजेचे दिवस उंबरठ्यावर आले असतानाच गाठोडे रिकामे होते! हिवाळ्याचे ऊन उन्हाळ्यासाठी राखून ठेवता येईल, या समजुतीने मोठा संच घेणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

खर्चाची बाजूही हेच सांगते. केंद्राने अनुदानासाठी धरलेली आधारभूत किंमत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्याला ४५ हजार रुपये आहे. बाजारातील किंमत याहून अधिक असू शकते. पण याच हिशेबाने पाहिले तरी पहिल्या दोन किलोवॅटसाठी पदरचे प्रत्येकी २० हजार, तर तिसऱ्यासाठी २७ हजार पडतात. शिवाय घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांपेक्षा त्यापुढची युनिटे बरीच महाग असतात. त्यामुळे उन्हाळा सोडला तर पहिला किलोवॅट आपली महाग युनिटे खोडतो, दुसरा स्वस्त युनिटे खोडतो आणि तिसरा बहुधा काहीच खोडत नाही. जो सर्वांत कमी देतो तो सर्वांत महाग पडतो, हे एकदा कागदावर मांडले की मोहाला आवर बसतो. घरी लवकरच विजेवर चालणारी दुचाकी किंवा वातानुकूलन यंत्र येणार असेल, तर ती गरज अवश्य धरावी. पण ती खरी असावी. आणि 'शून्य बिल' हा शब्द तर विसरूनच जावा. वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

संच ठरला की घरच्या दिनक्रमाकडे वळावे. पाण्याची मोटार पहाटे लावण्याची सवय असेल, तर ती अकरा वाजता लावावी. घरघंटीवरचे दळण, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, मिक्सरवरचे वाटण ही कामे दहा ते तीनच्या दरम्यान आणावीत. मात्र सगळी एकदम नव्हे. एक अश्वशक्तीची मोटार साडेसातशे वॅट घेते, घरघंटीही जवळपास तेवढीच, इस्त्री हजाराच्या घरात. दोन किलोवॅटचा संच मे महिन्यातील भर दुपारी दीड किलोवॅटच्या आसपासच देतो, कारण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेल २५ अंशांवर तपासलेले असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला त्याची शक्ती साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते, आणि वऱ्हाडच्या उन्हात ते ६५ अंशांवर सहज जाते. तेव्हा एकापाठोपाठ एक, असा क्रम लावावा. दुपारचा कूलर दोन-अडीचशे वॅटचा. तो सूर्याच्या खर्चाने चालतो, यापरते समाधान कोणते! घरातील सर्व मंडळी सकाळी दहाला बाहेर पडून सायंकाळी परतत असतील, तर मोटार आणि धुण्याच्या यंत्राला टायमर लावता येतो. तरीही दिवसाचा वापर फारच थोडा राहत असेल, तर संच लहान घ्यावा आणि त्यात काही कमीपणा मानू नये.

गच्चीचा विचारही गृहिणीला विचारूनच करावा. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे वीस अंशांच्या उताराने बसवावीत, कारण अकोला आणि अमरावती एकविसाव्या अक्षांशाच्या जवळपास आहेत. पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा शेजारचा कडुनिंब यांची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पूर्ण रांगेचे उत्पादन घटते. ढाचा पुरेसा उंच केला तर खालून वारा खेळून पॅनेल थंड राहतात, स्लॅबवर सावली पडून खालची खोली सुसह्य होते आणि वाळवणाची जागाही शाबूत राहते. उंच ढाच्याला पावसाळ्यापूर्वीची वावटळ मात्र झोंबते. म्हणून जस्त चढविलेले लोखंड, स्लॅबला पक्की पकड, स्वतंत्र अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर करू नये. गारपिटीचे भय वऱ्हाडात खोटे नाही. प्रमाणित पॅनेल २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फगोळ्यांचा मारा सोसेल एवढे तपासलेले असते. त्याहून मोठ्या गारांसाठी विमा हाच उपाय. राहिली स्वच्छता. धुळीचा थर उत्पादन खातो. पण पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला, बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतले तर क्षारांचे पांढरे डाग काचेवर कायमचे बसतात. तेथे गोडे पाणी आणि मऊ फडके वापरावे, तेही सकाळी काच गार असताना. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात स्वच्छतेचे महत्त्व आणखी कोणी सांगावयास नको.

या योजनेतील आणखी एका अटीचा उल्लेख आवर्जून करावयास हवा. अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यातील सौर घटही भारतात तयार झालेले असावे लागतात. आयात पॅनेल स्वस्त मिळते, असे सांगून अनुदानाचा नाद सोडण्याचा सल्ला काही जण देतात. परंतु जगातील सौर पॅनेलच्या निर्मितीसाखळीतील बहुतेक सर्व टप्प्यांवर एकट्या चीनचे वर्चस्व आहे. तेलासाठी आखातावर आणि सौर घटांसाठी चीनवर अवलंबून राहायचे असेल, तर त्याला ऊर्जास्वातंत्र्य म्हणता येणार नाही. स्वदेशी पॅनेल थोडे महाग पडले तरी अनुदान तो फरक भरून काढते. ग्राहकाने पावतीवर उत्पादकाचे नाव आणि पॅनेलचे क्रमांक नोंदवून घ्यावेत, संच बसविणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे याची लेखी खात्री करावी आणि पूर्ण रक्कम आगाऊ देण्याचे टाळावे.

ज्यांच्या डोक्यावर स्वतःची गच्ची नाही, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. सदनिकांच्या इमारतींत गच्ची सर्वांची असते. तेथे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्यासाठी सोसायटीने एकत्र संच बसविणे श्रेयस्कर. पंपाची वेळ दुपारची ठेवली की स्वयंवापर तेथेही साधतो. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत आहे अशा कुटुंबांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप' ही एक किलोवॅटची योजना आखली आहे. तिची माहिती गरजू घरांपर्यंत पोहोचविणे हे वस्तीवस्तीत वावरणाऱ्या कार्यकर्त्याचेच काम आहे. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे पाटण तालुक्यातील लहानसे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. ते जे करू शकते, ते अमरावतीची किंवा अकोल्याची एखादी वसाहत का करू शकणार नाही?

करावयाचे काम मोठे नाही. प्रत्येक वस्तीत ज्याने संच बसविला आहे अशा एकाने वर्षभराची वही ठेवावी : किती युनिट तयार झाली, किती घरात खर्ची पडली, किती बाहेर गेली, ३१ मार्चला हाती काय पडले. ती वही शेजाऱ्यांसमोर उघडी ठेवावी. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकापेक्षा त्या वहीचे एक पान अधिक घरे उजळवील, आणि अनेकांची ठेव वाचवील. स्वावलंबन हा शब्द आपण सभांमधून पुष्कळ वेळा उच्चारतो. त्याचा अर्थ भरमसाट मिळविणे असा नसून आपली गरज ओळखणे, ती आपल्या बळावर भागविणे आणि निसर्गाच्या वेळेशी आपली वेळ जुळविणे असा आहे. वाळवण घालणाऱ्या आपल्या आजीला हे कोणी शिकविले नव्हते. किती उन्हात किती कुरडया वाळतील हे ती जाणून होती, आणि सूर्य कलण्यापूर्वी ती चटई गुंडाळीत असे. गच्ची तीच आहे, ऊनही तेच आहे. तिच्याजवळची नेमकी दृष्टी तेवढी आपण आत्मसात करावयाची आहे.